बाळ उशिरा रडलं : जन्मवेळच्या इजा आणि वैद्यकीय हयगय यांच्या अभ्यासाला प्रस्तावना

मुलाची वाढ तपासायला आलेल्या आईला पहिल्या चार-पाच प्रश्नांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : जन्मल्याबरोबर बाळ रडलं होतं का? ज्या बाळाने आठव्या महिन्यातही मान धरलेली नसते, ज्याचे अंगठे मुठीत घट्ट मिटलेले असतात, त्याची आई बहुतेक वेळा खाली बघत सांगते, "नाही. उशिरा रडलं." किती उशिरा, ते तिला सांगता येत नाही. तिला आठवतं ते एवढंच की सिस्टर बाळाला उचलून पलीकडच्या टेबलाकडे धावली, कोणीतरी ‘सरांना फोन लावा’ म्हणालं, आणि मग बराच वेळ तिच्याशी कोणी काही बोललंच नाही. त्यानंतर बाळ दिसलं ते काचेच्या पेटीत, नाकात नळी घातलेलं.

‘उशिरा रडलं’ हे दोन शब्द डॉक्टरांच्या केसपेपरवर पूर्वेतिहास म्हणून उतरतात. वकिलाच्या नोटिशीत तोच आरोप होतो. आईच्या मनात मात्र त्यांचा तिसराच अर्थ रुतून बसलेला असतो : माझाच जोर कमी पडला. ‘नीट जोर लाव, बाळाला त्रास होतोय’ असं लेबर रूममध्ये कोणीतरी ओरडलेलं तिच्या कानांतून वर्षानुवर्षं जात नाही. जन्मवेळच्या इजांचा अभ्यास म्हणजे हे दोन शब्द उलगडून बघणं. त्यांच्या पोटात काही तास असतात, काही माणसं असतात, थोडे कागद असतात, आणि त्या कागदांवर न उतरलेलं बरंच काही असतं.

या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचं इथे मनापासून स्वागत आहे. कायद्याचे विद्यार्थी, प्रसूतिशास्त्राचे निवासी डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, आणि हातात फायलींची पिशवी घेऊन उत्तरं शोधणारे आईवडीलही. मी बालरोगाच्या वाटेने इथे आले आणि पुढे तज्ज्ञ म्हणून अशा फायली वाचत गेले. इतक्या वर्षांत एक गोष्ट माझ्यापुरती पक्की झाली आहे. इजा झाली म्हणजे हयगय झालीच असं नाही, आणि हयगय सापडली म्हणजे इजा तिच्यामुळेच झाली असंही नाही. या दोन ‘नाहीं’मधलं अंतर प्रामाणिकपणे मोजणं हेच आपलं काम. पण ते मोजून होण्याआधी, निकाल काय लागायचा तो लागो, त्या आईला त्या रात्री काय घडलं ते सरळ भाषेत कळायला हवं. हा तिचा पहिला हक्क आहे, आणि आपल्याकडे सर्वांत जास्त नाकारला जातो तोही हाच.

आधी इजा म्हणजे काय ते पाहू. अरुंद वाटेतून येताना बाळाच्या डोक्याच्या कातडीला सूज येते. ती दोन-तीन दिवसांत उतरते. कधी कवटीच्या हाडाच्या आवरणाखाली रक्त साकळून टेंगूळ येतं. ते काही आठवडे राहतं, त्यापायी कावीळ थोडी वाढू शकते. पण या आवरणाच्या वर, कातडीखालच्या सैल पोकळीत रक्त झिरपू लागलं, तर काही तासांत अंगातलं बरंचसं रक्त तिथे जमून बाळ दगावू शकतं. व्हॅक्यूम लावून काढलेल्या बाळांत हे अधिक दिसतं. आईच्या नजरेला तिन्ही नुसत्या सुजाच. त्यांच्यातला फरक कळतो तो हात लावून पाहणाऱ्याला, आणि तासाभराने पुन्हा येऊन डोक्याचा घेर मोजणाऱ्याला. म्हणजे पहिल्याच उदाहरणात आपल्या विषयाचा गाभा हाती लागतो. रक्तस्राव होणं हा दोष नसेलही. व्हॅक्यूम लावल्यानंतर बाळाकडे सकाळपर्यंत कोणी फिरकलंच नाही, तर तो दोष असू शकतो.

खांद्याची गोष्ट याहून अवघड. डोकं बाहेर येतं आणि खांदा आईच्या जघनाच्या हाडामागे अडकतो. अशा वेळी हातात मिनिटंच असतात. आईचे पाय दुमडून मांड्या पोटाकडे घ्यायच्या, त्या हाडाच्या वर हाताने दाब द्यायचा, आत हात घालून बाळाचा मागचा हात सोडवायचा, या गोष्टी शिकवून आणि सराव करून येतात. गर्भाशयाच्या माथ्यावरून पोट ढकललं तर मात्र खांदा आणखी रुततो. मानेतून हाताकडे जाणारं मज्जातंतूंचं जाळं ओढाताणीत ताणलं गेलं की हात लुळा पडतो. फ्रान्समध्ये द्युशेन यांनी १८७२ साली आणि जर्मनीत विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ साली या लुळेपणाचं वर्णन केलं. आजही तो एर्बच्या नावाने ओळखला जातो. यातली पुष्कळ मुलं काही महिन्यांत बरी होतात. आणि कोणीही ओढाताण न करता, अगदी सिझर करून काढलेल्या बाळालाही, क्वचित हा लुळेपणा आलेला आढळतो. त्यामुळे ‘हात लुळा, म्हणजे ओढलंच असणार’ हे अनुमान कितीही साहजिक वाटलं तरी त्यावर थांबता येत नाही.

आपल्या भाषेत ‘पायाळू’ हा शब्द आहे. पायाकडून जन्मलेला माणूस म्हणजे पायाळू. त्याच्यावर वीज पडते म्हणतात, आणि उसण भरली की त्याचीच लाथ पाठीला लावून घेतात. हा शब्द ऐकला की मला वाटतं, या समजुती जगलेल्या पायाळूंच्या आहेत. जे पायाकडून आले आणि डोकं अडकून गेले, त्यांच्यासाठी भाषेने शब्द ठेवला नाही. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म असं घरोघरी म्हणतात, त्यामागेही तीच न मोजलेली यादी आहे. आनंदीबाई जोशींचं मूल दहाच दिवस जगलं. तेव्हा त्या जेमतेम चौदा वर्षांच्या होत्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. या क्षेत्रात आपण मराठी माणसं उपरी नाही, हे सांगायला मला हा दाखला पुरतो.

आता सर्वांत वादग्रस्त इजेकडे, मेंदूच्या इजेकडे, वळू. विल्यम जॉन लिटल हे लंडनचे अस्थिशल्यचिकित्सक. लहानपणच्या आजारामुळे त्यांचाच एक पाय अधू झालेला होता. १८६१ साली त्यांनी लंडनच्या प्रसूतिशास्त्र मंडळापुढे एक निबंध वाचला. अवघड बाळंतपण, अपुऱ्या दिवसांचा जन्म आणि जन्मताना गुदमरणं यांचा संबंध पुढे मुलांच्या अंगात येणाऱ्या ताठरपणाशी आहे, असं त्यांनी मांडलं. हा विकार, ज्याला आज सेरेब्रल पाल्सी म्हणतात, पुढे कित्येक वर्षं ‘लिटलचा आजार’ म्हणूनच ओळखला गेला. मग १८९७ साली व्हिएन्नात एका तरुण मज्जातंतुतज्ज्ञाने, सिग्मंड फ्रॉइड यांनी, उलट बाजूने विचारलं : बाळंतपण अवघड झालं म्हणून मेंदू बिघडला, की मेंदूत आधीच काही बिघडलं होतं म्हणून बाळंतपण अवघड झालं? मनोविश्लेषणाच्या प्रसिद्धीखाली फ्रॉइड यांचं हे काम झाकून गेलं. पण आपल्या क्षेत्रातला सर्वांत टोकदार प्रश्न त्यांचाच आहे.

उत्तर मिळायला जवळजवळ नव्वद वर्षं लागली. अमेरिकेत हजारो गर्भवतींची आणि त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली होती. त्या आधारे कॅरिन नेल्सन आणि जोनास एलेनबर्ग यांनी १९८६ साली दाखवून दिलं की सेरेब्रल पाल्सी झालेल्या बहुतेक मुलांच्या बाबतीत जन्मवेळचं गुदमरणं हे कारण पुरत नाही. १९८८ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या अभ्यासात, प्रसूतीच्या वेळी गुदमरणं हे संभाव्य कारण असलेली मुलं ८ टक्क्यांच्या आसपास निघाली. उरलेल्यांच्या मुळाशी अपुरे दिवस, गर्भातला जंतुसंसर्ग, मेंदूची जडणघडण, रक्ताच्या गाठी, जनुकं अशा गोष्टी होत्या. प्रतिवादी वकील हा आकडा फार आवडीने वापरतात. तो आकडा जिथे गर्भवतीची तपासणी, शस्त्रक्रियेची सोय आणि प्रशिक्षित माणूस सगळं हाताशी असतं तिथला आहे. आपल्याकडच्या रुग्णालयांत येणाऱ्या मुलांत गुदमरण्याचा आणि वेळेत उपचार न झालेल्या काविळीचा वाटा मोठा दिसत आला आहे. पर्थचा आकडा परभणीला तसाच लावता येत नाही.

मग एका विशिष्ट बाळाच्या बाबतीत ठरवायचं कसं? इथे वैद्यकाने हळूहळू काही खुणा जमवल्या आहेत. नाळेच्या धमनीतल्या रक्ताची आम्लता हा त्यातला कळीचा पुरावा. पीएच ७.० च्या खाली असेल तर बाळाला खरोखर प्राणवायू कमी पडला होता असं म्हणायला आधार मिळतो. पहिल्या काही तासांतच बाळ सुस्त होणं, झटके येणं. मूत्रपिंड, यकृत अशा इतर अवयवांनाही धक्का बसणं. पहिल्या आठवड्यातल्या एमआरआयमध्ये विशिष्ट ठिकाणी दिसणारे बदल. पुढे ताठरपणाचा विशिष्ट प्रकार. अपगार गुणांचं महत्त्व आहे, पण एकट्या त्या गुणांवर निदान टेकवता येत नाही. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ होत्या. १९५२ साली त्यांनी रंग, नाडी, प्रतिक्रिया, स्नायूंचा जोर आणि श्वास या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची पद्धत मांडली, ती लेबर रूममधल्या माणसांनी बाळाकडे नीट बघावं म्हणून. वीस वर्षांनंतर खटल्यात दोषनिश्चितीसाठी वापरायचं माप म्हणून नव्हे. माझ्यासमोर आलेल्या कित्येक फायलींत अपगारच्या रकान्यात गुण व्यवस्थित भरलेले होते आणि पुढच्याच पानावर बाळाला कृत्रिम श्वासावर ठेवल्याची नोंद होती. असे गुण बाळाकडे बघून दिलेले नसतात, नंतर बसून लिहिलेले असतात.

यंत्राबद्दलही नव्या अभ्यासकाने सुरुवातीलाच सावध व्हावं. बाळाच्या ठोक्यांचा आलेख कागदावर सतत काढणारं यंत्र १९६०च्या दशकाअखेरीस बाजारात आलं. आपल्याकडे बायका म्हणतात, ‘एनएसटी काढली.’ हा आलेख पाहून संकट वेळेत ओळखता येईल आणि सेरेब्रल पाल्सी नाहीशी होईल, अशी त्या काळी खात्री होती. डब्लिनमध्ये जवळपास १३ हजार बाळंतिणींवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ साली आले. सतत आलेख काढलेल्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचं प्रमाण कमी झालं; पण ती मुलं चार वर्षांची झाल्यावर पाहिलं, तर सेरेब्रल पाल्सीच्या प्रमाणात फरक नव्हता. सिझर मात्र जगभर वाढत गेली. तरीही न्यायालयात हा आलेख सर्वांत वजनदार कागद ठरतो. शेवट ठाऊक असलेला माणूस मागे वळून त्या रेषा बघतो तेव्हा प्रत्येक घसरणीत त्याला इशारा दिसतो. पहाटे तीन वाजता, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, तीच रेष बघणाऱ्या सिस्टरच्या जागी स्वतःला ठेवता येणं ही तज्ज्ञाची पहिली कसोटी.

आता कायद्याकडे. ‘निष्काळजीपणा’ हा वर्तमानपत्रांतला शब्द, ‘हलगर्जीपणा’ मोर्च्यातला. जुन्या दंडसंहितेच्या मराठी पाठात शब्द होता ‘हयगय’. मला तो अधिक नेमका वाटतो, कारण त्यात करायला हवं होतं आणि केलं नाही, हा भाव आहे. आपल्या क्षेत्रातले बहुतेक खटले न केलेल्या गोष्टींचेच असतात : ठोके ऐकले नाहीत, भूलतज्ज्ञाला बोलावलं नाही, मोठ्या रुग्णालयात वेळेत पाठवलं नाही.

भारतातल्या या कायद्याचा एक महत्त्वाचा धागा पुण्यातून निघतो. १९५३ साली कोकणात मांडीचं हाड मोडलेल्या तरुणाला पुण्यात आणलं गेलं आणि उपचारांदरम्यान तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर. त्यांनी दावा लावला. जोशी विरुद्ध गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली डॉक्टरांची कर्तव्यं सांगितली. रुग्ण हाती घ्यायचा की नाही हे ठरवताना, कोणता उपचार द्यायचा हे ठरवताना आणि तो प्रत्यक्ष देताना, तिन्ही टप्प्यांवर वाजवी काळजी घ्यायला हवी. लहानशा प्रसूतिगृहाच्या बाबतीत मला यातलं पहिलं कर्तव्य फार मोलाचं वाटतं. रक्तपेढी नाही, रात्री भूलतज्ज्ञ मिळत नाही, अशा जागी जोखमीचं बाळंतपण घ्यावंच का, हा प्रश्न कळा सुरू व्हायच्या आधीचा आहे. फायलीचं वाचन तिथून सुरू व्हायला हवं.

पुढचे दोन निकाल प्रत्येक नवागताने मुळातून वाचावेत. १३ नोव्हेंबर १९९५ रोजी इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आली आणि सामान्य माणसाला दिवाणी न्यायालयापेक्षा जवळचा दरवाजा मिळाला. २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात न्यायालयाने सांगितलं की फौजदारी गुन्ह्यासाठी हयगय ठळक आणि गंभीर हवी, आणि तक्रार आल्याबरोबर डॉक्टरला अटक करण्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं. हा भेद पोलीस ठाण्यांत अजून पुरता पोचलेला नाही. २०२२ साली राजस्थानात लालसोटला बाळंतिणीचा रक्तस्रावाने मृत्यू झाला, जमावाच्या दबावाखाली डॉक्टर बाईंवर खुनाचा गुन्हा नोंदवला गेला, आणि त्यांनी आत्महत्या केली. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव उत्तमातल्या उत्तम हातांखालीही होतो. आपण ज्यांच्या चुका तपासतो तीही माणसं आहेत, हे वाक्य मला एरवी गुळमुळीत वाटतं; लालसोटनंतर वाटत नाही.

इंग्लंडच्या खटल्यांतून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. बर्मिंगहॅममध्ये १९७० साली एका बाळाला चिमटे लावून काढण्याचा प्रयत्न झाला, जमलं नाही, मग सिझर केली. बाळाच्या मेंदूला गंभीर इजा झाली. व्हाइटहाउस विरुद्ध जॉर्डन या खटल्यात प्रश्न एकच होता : चिमटे फार वेळ आणि फार जोराने ओढले का? आईला आठवत होतं की तिला खाटेवरून उचलल्यासारखं झालं. वरिष्ठांच्या अहवालात ‘रुतलेलं डोकं सोडवलं’ अशा अर्थाचा एक शब्द होता, आणि त्या एका शब्दावर तीन न्यायालयांत कीस पाडला गेला. खालच्या न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला, वरच्याने तो फिरवला, आणि १९८० साली हाउस ऑफ लॉर्ड्सने मुलाचा दावा फेटाळणं कायम केलं. पण तो फेटाळताना दोन गोष्टी पक्क्या झाल्या. ‘ही निर्णयातली चूक होती’ एवढं म्हणून डॉक्टर सुटत नाही. काही चुका वाजवी काळजी घेऊनही होतात, काही काळजी न घेतल्यामुळे, आणि त्या कोणत्या जातीच्या हे पाहावंच लागतं. आणि तज्ज्ञाचा अहवाल तज्ज्ञाचाच असावा, वकिलाने घडवलेला नसावा. ही दुसरी गोष्ट मी माझ्या टेबलासमोर लिहून लावली आहे.

माँटगोमेरी खटल्यातली आई स्कॉटलंडची. ठेंगणी, मधुमेह असलेली, पोटातलं बाळ मोठं. अशा मातेत खांदा अडकण्याचा धोका ९ ते १० टक्के. तिने आपली भीती बोलून दाखवली होती, तरी हा धोका तिला सांगितला गेला नाही, कारण सांगितलं तर बायका सिझरच मागतील असं डॉक्टरांना वाटत होतं. १९९९ साली बाळ जन्मलं तेव्हा डोकं बाहेर आल्यापासून खांदे सुटेपर्यंत १२ मिनिटं गेली. मेंदू आणि हात दोन्हींना इजा. २०१५ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की काय सांगायचं हे डॉक्टरांच्या रिवाजावर सोडता येणार नाही. त्या बाईच्या जागी असलेल्या माणसाला जे महत्त्वाचं वाटेल ते सांगायलाच हवं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमतीचा विचार केला, पण किती सांगायचं याचं माप पुष्कळसं वैद्यकीय रिवाजाकडेच ठेवलं. आपल्याकडे संमतिपत्रावर सही बहुधा नवऱ्याची किंवा सासऱ्यांची असते, तीही कळा सुरू झाल्यावर घाईघाईने. जिच्या शरीराचा प्रश्न आहे तिला कोणी काय सांगितलं, हा रकाना फॉर्मवर नसतोच.

इजा नेहमी जन्माच्या क्षणीच होते असंही नाही. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात १९९६ साली २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅम वजनाची मुलगी जन्मली. डॉक्टरांनी तिला जगवलं. पण इतक्या लवकर जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा ठरावीक आठवड्यांत तपासावा लागतो. ती तपासणी कोणी सुचवलीच नाही, आणि तिची दृष्टी कायमची गेली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने ५ लाख रुपये मंजूर केले होते. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भविष्यातला खर्च आणि वाढती महागाई हिशेबात घेऊन १ कोटी ३८ लाख, आणि मागच्या खर्चाचे जवळपास ४३ लाख वेगळे दिले. सरकारी आणि मोफत म्हणून जबाबदारी कमी होत नाही, हेही त्यात आलं. या निकालाकडे मी पुन्हा पुन्हा जाते, कारण त्यातली हयगय एका वाक्याची आहे. घरी जाताना ‘चौथ्या आठवड्यात डोळे तपासून घ्या’ एवढंच कोणीतरी म्हणायला हवं होतं.

वाजवी कौशल्य म्हणजे किती, याचं माप दुरून आणून चालत नाही, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं. गुदमरलेल्या बाळाचं शरीर जन्मापासून सहा तासांच्या आत थंड करायला घेऊन तीन दिवस साडेतेहेतीस अंशांवर ठेवणं हा श्रीमंत देशांत रुळलेला उपचार. २०२१ साली भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात रुग्णालयांत ४०८ बाळांवर झालेल्या ‘हेलिक्स’ चाचणीचे निष्कर्ष आले. थंड केलेल्या बाळांना फायदा दिसला नाही, उलट त्यांच्यात मृत्यू अधिक झाले. आता एखादा तज्ज्ञ परदेशी पाठ्यपुस्तक उघडून ‘बाळाला थंड केलं नाही, ही हयगय’ असं लिहू लागला, तर त्याला थांबवावं लागेल. दुसऱ्या बाजूला गडचिरोली आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ खेड्यांत गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. न रडलेल्या बाळाला नळी आणि मास्कने श्वास द्यायलाही त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला, हे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गडचिरोलीत धानोऱ्याच्या बाजूची अशी शिकवलेली आरोग्यदूत झोपडीत कंदिलाच्या उजेडात जे करू शकते, ते नोंदणीकृत प्रसूतिगृहात झालं नाही, तर ‘आमच्याकडे सोय नव्हती’ हे उत्तर मी मान्य करत नाही. पहिल्या मिनिटात श्वास देण्यासाठी लागते एक पिशवी, एक मास्क आणि ती वापरता येणारा एक माणूस.

पैशाबद्दल थोडं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला फिजिओथेरपी, चष्मा, झटक्यांची औषधं, बूट, खुर्ची हे सगळं आजपासून लागतं. खटला दहा वर्षं चालतो. जपानने २००९ साली यातून वाट काढली. प्रसूतीशी निगडित गंभीर सेरेब्रल पाल्सी झालेल्या, निकषांत बसणाऱ्या मुलाला दोष कोणाचा हे न विचारता ३ कोटी येन हप्त्याहप्त्याने मिळतात. आणि स्वतंत्र समिती प्रत्येक बाळंतपणाचा तासातासाने अभ्यास करून अहवाल लिहिते. तो कुटुंबालाही मिळतो, रुग्णालयालाही. नावं वगळून त्याचा सारांश सर्वांना वाचायला खुला होतो. माझ्या मते या योजनेचा खरा ऐवज तो अहवाल आहे. स्वीडन, न्यूझीलंड, अमेरिकेतली व्हर्जिनिया आणि फ्लोरिडा ही राज्यं यांनीही दोष न शोधता भरपाई द्यायच्या वाटा काढल्या आहेत. त्यांच्यातले फरक अभ्यासण्यासारखे आहेत.

शेवटी पुन्हा कागदाकडे यावं लागतं, कारण आपल्याकडे तोच सगळ्यात आधी हरवतो. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षांची. सबळ कारण दिलं तर उशीर माफ होऊ शकतो. पण मूल चालत नाही हे घरच्यांनी स्वीकारायला, ‘काहींना उशीर लागतो’ म्हणणाऱ्या आजीचं मन मोडायला आणि मुंबईचा किंवा पुण्याचा डॉक्टर गाठायलाच दोन वर्षं जातात. डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेप्रमाणे रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवायचे असतात. म्हणजे प्रश्न विचारायची ताकद येते त्या सुमाराला कागद रद्दीत गेलेले असू शकतात.

माझ्याकडे येणाऱ्या पिशवीत लसीकरणाचं कार्ड असतं, डिस्चार्ज कार्ड असतं, सीटी स्कॅनच्या काळ्या फिल्म असतात, औषधांच्या पावत्या तारखेवार लावलेल्या असतात. दाखल झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतची पानं तेवढी नसतात : कळांचं इंजेक्शन सलाइनमधून किती वाजता सुरू केलं, किती थेंबांनी, ठोके कधी ऐकले, पाणी कोणत्या रंगाचं गेलं, डॉक्टर किती वाजता पोचले. त्याच आचारसंहितेत लिहिलं आहे की रुग्णाने किंवा त्याच्या वतीने कोणी मागितले, तर हे कागद ७२ तासांत द्यायचे. अर्ज साध्या कागदावर चालतो. वर तारीख, खाली आईचं नाव आणि दाखल झाल्याचा दिवस, आणि मधे एवढंच : माझ्या बाळंतपणाचे इनडोअर केसपेपर, नर्सिंग नोट्स, पार्टोग्राफ आणि ठोक्यांचा आलेख यांच्या प्रती मिळाव्यात. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. वाचकांपैकी कोणाच्या घरी असं बाळ असेल, तर पुढची प्रकरणं सावकाश वाचली तरी चालतील. हा अर्ज आज लिहावा.